बेदाणे का पाठवले नाहीत

सांगली,
रविवार, दुपार

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

पार्सल उघडल्यावर तू आधी बेदाणे शोधशील आणि सापडले नाहीत की लगेच मामाला फोन लावशील. लावू नकोस. त्यानं तासगावहून नेहमीसारखी पिशवी भरून आणून दिली होती, यंदाच्या शेडवरचा पहिला माल, हिरवा, लांब मण्याचा. ती पिशवी मी ठेवून घेतली. कारण सांगायला वेळ लागेल, आणि फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणत दुसरंच काहीतरी करत असतोस हे मला इथे बसून कळतं. म्हणून दुकान बंद असताना लिहायला बसले.

गेल्या वेळी दातांच्या तारा आवळून झाल्यावर तू बाहेर मोबाइल उघडून बसलास, तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावून स्क्रीनवर तुझ्या दातांचा फोटो दाखवला. वरचे समोरचे दोन मोठे दात आहेत ना, त्यांच्या दोन्ही बाजूंचे जे लहान दात, त्यांच्यावर ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला चौकोनी तुकडा) आणि हिरडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दुधाळ पांढरी रेष उमटली आहे. नुसत्या डोळ्यांना ओल्या दातावर पटकन दिसत नाही. हवा मारून दात कोरडा केला की मग उठून दिसते. डॉक्टर म्हणाले, "कीड लागायला सुरुवात झालीय, पण अजून आपल्या हातात आहे. असंच चाललं तर मला तारा मध्येच काढाव्या लागतील." ते तुझ्यासमोर बोलले नाहीत, कारण परीक्षा तोंडावर आली आहे. मला मात्र परीक्षा संपेपर्यंत थांबणं पटलं नाही. का ते पुढे वाच.

ती रेष दुखत नाही, ठणकत नाही, गार पाण्यानं शिवशिवत नाही. त्यामुळे तुला पत्ता नसणारच. दातावरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते वजनानं ९५ टक्क्यांहून जास्त निव्वळ खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. त्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर सांधतं, कातडी कापली तर भरून येते, इनॅमल एकदा ढासळलं की परत उगवत नाही. पांढरी रेष म्हणजे वरचा पापुद्रा अजून शाबूत आहे, पण त्याच्या खालचं खनिज झिरपून चाललं आहे. या टप्प्यावर आवरलं तर लाळेतलं कॅल्शियम आणि पेस्टमधलं फ्लोराइड मिळून पुष्कळसं भरून काढतात. पापुद्रा खचला की खड्डा पडला, आणि मग सिमेंट भरण्यावाचून इलाज नाही.

आणि हे सगळं व्हायला वर्षं लागतात असं समजू नकोस. ब्रॅकेटच्या कडेला घाण साचत राहिली तर साधारण महिनाभरातही पांढरे डाग उमटू शकतात. म्हणजे तू एकदा तारा आवळून पुण्याला गेलास आणि पुढच्या आवळणीला परत आलास, एवढ्या अवधीत. १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तारा लावलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणांच्या निदान एका दातावर असे डाग सापडले होते. त्यात सगळ्यात जास्त भोगलं ते वरच्या जबड्यातल्या ह्याच बाजूच्या लहान दातांनी. तेव्हा तुझ्यावर काही आगळं संकट कोसळलेलं नाही. जिथे होतं तिथेच झालंय.

मागं दुकानात एक बाई दात पांढरे करायची पेस्ट मागायला आल्या होत्या. बरोबर मुलगी होती, नुकत्याच तारा निघालेली. दात अगदी सरळ, एका ओळीत. पण भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवल्यावर खालच्या रंगाचा चौकोन जसा वेगळा उरतो, तसा तिच्या एकेका दातावर ब्रॅकेटचा चौकोन उरला होता. चौकोनाच्या आतला दात चांगला, भोवतीची चौकट पांढरीफटक. मी पेस्ट दिली नाही. असल्या पेस्टनं ते डाग जात नाहीत, उलट घासून घासून इनॅमल झिजतं. त्यांना डॉक्टरांकडेच पाठवलं. तारा निघाल्यावर पहिल्या काही महिन्यांत असे डाग थोडे फिके होतात, पण पूर्ण जातीलच असं नाही. एवढे पैसे घालून, एवढे महिने तोंडात लोखंड वागवून शेवटी हे हाती यावं, हे मला बघवलं नाही.

आता बेदाण्यांचं.

तुला वाटेल, आई साखर बंद करायला सांगणार. सांगलीत राहून, ऊस आणि गुळाच्या मुलखात, साखर बंद कर असं सांगणारी आई हास्यास्पदच म्हणायची. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते तू नीट समजून घे, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. तू किती खातोस याच्यापेक्षा किती वेळा खातोस, याला दाताच्या बाबतीत फार जास्त किंमत आहे.

तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दातावर चढलेल्या थराचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच तो खाली येतो. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि पीएच पुन्हा जागेवर यायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त जातो. हा चढ-उतार रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९४० च्या दशकात मोजला, आणि तो आलेख अजूनही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. आता हिशेब कर. दहा बेदाणे जेवणानंतर एकदम तोंडात टाकलेस तर तोंड एकदाच आंबट होईल, फार तर तासभर. तेच दहा बेदाणे अभ्यास करता करता दर पंधरा मिनिटाला एक असे चघळलेस तर अडीच तास लाळेला उसंतच मिळणार नाही. बेदाणे तेवढेच, साखर तेवढीच. आणि तू ते कसे खातोस हे मला चांगलं माहीत आहे. वही उघडी, वाटी शेजारी, हात आपोआप वाटीकडे.

त्यात बेदाणा म्हणजे आटवलेलं द्राक्ष. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा पडतो, असं मामाच सांगतो. तो द्राक्ष काढायच्या आधी ब्रिक्सचा काटा लावून बघतो, गोडी किती चढली ते. ती सगळी गोडी त्या सुरकुतलेल्या मण्यात गोळा होऊन बसते. तारा नसत्या तर जिभेनं आणि लाळेनं ती बरीचशी धुऊन गेली असती. ब्रॅकेटच्या खोबणीत अडकलेला मऊ लगदा मात्र जीभ काढू शकत नाही. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा मलाही अभिमान आहे, पण तुझ्या तारा निघेपर्यंत तो आपल्या घरात शिऱ्यात पडेल.

यावर एक जुना प्रयोग आहे, ऐकून बरं वाटणार नाही असा. स्वीडनमधल्या लुंड गावात विपेहोल्म नावाचं, बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांचं मोठं इस्पितळ होतं. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या लोकांना वेगवेगळ्या तऱ्हेनं साखर देऊन त्यांचे दात किती किडतात ते पाहिलं गेलं. कुणाला जेवणाबरोबर गोड, कुणाला दोन जेवणांच्या मधल्या वेळेत मुद्दाम चिकट टॉफी. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, मधल्या वेळेत टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशा माणसांचे दात ठरवून नासवले, हे पापच होतं आणि आज कुणी असं करायला धजणार नाही. पण चिकट गोड पदार्थ आणि खाण्याची वेळ, हे दोन मुद्दे जगाला तिथूनच पक्के कळले.

तेव्हा तुझ्या होस्टेलचं गणित असं मांड. गोड खायचंच असेल तर जेवणाच्या ताटाबरोबर खा आणि संपव. रात्री जागताना चहा लागतो, मान्य. मग तो गरम गरम पिऊन टाक. कप शेजारी ठेवून तासभर एकेक घोट घेत बसू नकोस, आणि त्यात बिस्कीट बुडवू नकोस. बिस्किटाचा पिठूळ चिखल वायरखाली जाऊन बसतो तो सकाळपर्यंत तिथेच. कोल्ड्रिंक आणि त्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यांबद्दल मी काय बोलू! त्यात साखर तर असतेच, वर ते स्वतःच आंबट असतं. बिनसाखरेचं म्हणून विकतात तेही आंबटच. जागरणाला पाणी पी. पार्सलमध्ये भडंग ठेवलाय. तोही ब्रॅकेटमध्ये अडकतो, हे मला माहीत आहे. पण तुला काहीच पाठवलं नाही तर तू खाली टपरीवर जाशील. एका बैठकीत खा, दोन-तीन वेळा खळखळून चूळ भर, डबा बंद कर.

आता ब्रश. तू ब्रश करतोस, पण तू तारांच्या आधीचा ब्रश करतोस. आरशासमोर उभा राहा आणि मी सांगते त्याच दाताकडे बघ, वरचा, बाजूचा लहान. त्याच्या मध्यावर ब्रॅकेट, त्यातून आडवी गेलेली वायर, आणि ब्रॅकेटच्या वरच्या कडेपासून हिरडीपर्यंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पट्टी. तू ब्रश सपाट धरून आडवा फिरवलास की केस ब्रॅकेटच्या डोक्यावरून घसरतात आणि त्या पट्टीला शिवतही नाहीत. घाण तिथेच, डागही तिथेच. म्हणून ब्रश तिरका धरायचा. आधी हिरडीच्या बाजूनं, केस खाली ब्रॅकेटकडे झुकवून, लहान लहान गोल. मग ब्रॅकेटच्या खालच्या बाजूनं, केस वर झुकवून. मग आतली, टाळूकडची बाजू. मग पुढचा दात. ब्रश केल्यावर ब्रॅकेटचं धातू चकचकीत दिसलं पाहिजे आणि भोवतीच्या कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. हिरडीतून थोडं रक्त आलं म्हणून तिथं ब्रश लावायचं टाळू नकोस. घाण साचून हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येतं, रोज नीट साफ केलंस की काही दिवसांत थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टरांना दाखवू.

वायरखाली मोठा ब्रश पोचत नाही. त्यासाठी पार्सलमध्ये छोटे ब्रश आहेत, बाटली धुवायच्या ब्रशासारखे दिसतात पण काडीएवढे. दोन ब्रॅकेटच्या मधे वायरखालून वरून घाल, मग खालून घाल. तारांसाठीचा फ्लॉसही आहे, एक टोक कडक असतं ते वायरखालून ओवायचं. हे सगळं रोज तीनदा कर म्हटलं तर तू एकदाही करणार नाहीस, मला माहीत आहे. रात्री झोपायच्या आधी मात्र सोडू नकोस. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि लाळ नसली की दाताला वाली नाही. सकाळी कॉलेजला उशीर होत असेल तर त्या वेळी एक वेळ फक्त ब्रश चालेल, रात्री नाही. पार्सलमध्ये एका डबीत गुलाबी गोळ्याही आहेत. अधूनमधून ब्रश झाल्यावर एक चावून थुंक. जिथे गुलाबी रंग राहील तिथे घाण राहिली. पहिल्यांदा बघशील तेव्हा घाबरशील.

पेस्टचं. तू इथून जाताना आज्जीची आयुर्वेदिक पेस्ट उचलून नेलीस, ती परत आण. वाईट आहे असं नाही, पण मी ट्यूब उलटून बघितली, त्यात फ्लोराइड नाही, आणि तुला आत्ता फ्लोराइडच पाहिजे. ते इनॅमलच्या खनिजात मिसळलं की ते खनिज आम्लाला जास्त दाद देत नाही, आणि गेलेलं खनिज परत बसायलाही मदत होते. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालायला परवानगी नाही आणि किती घातलंय ते ट्यूबवर छापावं लागतं. मी पाठवलेल्या ट्यूबवर तो आकडा बघ आणि इथून पुढं स्वतः घेशील तेव्हाही बघून घे. काळ्या कोळशाच्या पेस्टी आणि लाल मंजन, दोन्ही नको, खरखरीत असतात.

आणि ब्रश झाल्यावर नुसतं थुंक. आपल्या घरात तांब्या रिकामा होईपर्यंत चुळा भरायच्या, शेवटी पप्पांसारखं खाकरून अख्ख्या वाड्याला उठवायचं, ही पद्धत आहे. त्यानं सगळं फ्लोराइड मोरीत जातं. तोंडात पेस्टची चव राहू दे, सवय होते. फ्लोराइडचं माउथवॉश दिलंय ते ब्रशच्या लगेच नंतर वापरू नकोस, पेस्टपेक्षा त्यात फ्लोराइड कमी असतं. दुपारी मेसमधून आलास की घे, आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नकोस.

पप्पांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की फ्लोराइड विष आहे. ते तुलाही पाठवतील. उत्तर देत बसू नकोस, मी दिलंय. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, लहानपणापासून ते पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग पडतात, हाडांनाही त्रास होतो. ते खरंच आहे. पण गंमत बघ, फ्लोराइडचा उपयोग कळला तो अशाच डागांमुळे. फ्रेडरिक मॅके नावाचा दातांचा डॉक्टर १९०१ साली अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला आणि तिथल्या लोकांचे तपकिरी दात बघून चक्रावला. पुढे त्याच्या लक्षात आलं की हे डागाळलेले दात किडत मात्र नाहीत. कारण पाण्यात आहे हे कळायला १९३१ उजाडलं. मग किती प्रमाण पुरे आणि किती जास्त, हे ठरवत ठरवत १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात ते मोजून घालायला सुरुवात झाली. तू पेस्ट गिळत नाहीस, थुंकतोस, आणि तुझे समोरचे दात घडून केव्हाच बाहेर आलेत. तुला डाग पडायची भीती पेस्टची नाही.

आज्जीचं म्हणणं, रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दातातल्या अळ्या खाली पडतात, तिच्या लहानपणी बाजारात तशी बाई बसायची. पडतात ते बियांचेच तुकडे. पण तिला मी हे सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. तिची मिश्री सोडवायची एक लढाई आधीच चालू आहे, एका वेळी एकच बरी.

ऊस दातानं सोलायचा नाही, चिक्की, कणीस, बर्फ चावायचा नाही, पेरू फोडी करून. हे तुला पहिल्या दिवशीच सांगितलंय. ब्रॅकेट सुटलं तर तिथं राहूनच कळव, सुटलेल्या ब्रॅकेटच्या कडेला घाण जास्त साचते.

पेपर संपल्याच्या शनिवारी कोयना एक्स्प्रेसनं ये. सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. आवळायच्या आधी डॉक्टर वायर काढून दात साफ करतील आणि त्या दोन दातांवर फ्लोराइडचं वार्निश लावतील. लावल्यावर दात थोडे पिवळट, चिकट वाटतात, घासून काढू नकोस. त्या दिवशी पुन्हा फोटो काढणार आहेत, आणि या वेळी तू आत बसून स्वतः बघायचास.

तुझी,
आई

ता.क. तुझ्या रूममेटच्या तारा नुकत्याच लागल्या आणि गाल सोलवटतोय असं तू म्हणालास. त्याच्यासाठी मेणाची एक डबी जास्तीची टाकली आहे. वाटाण्याएवढं घेऊन बोटात मऊ करायचं आणि टोचणाऱ्या ब्रॅकेटवर दाबून बसवायचं. जेवायच्या आधी काढायला सांग.